फाटकाबाहेरचा खेळ

काकाजी घरात खेळत नसत. खेळावंसं वाटलं की चपला घालून फाटकाबाहेर जात, रस्त्याच्या कडेला उभे राहत, रेक्झिनची काळी बॅग डाव्या काखेत दाबून धरत आणि मग खिशातून फोन काढत. ऊन असो की थंडी, जागा तीच. गल्लीत नव्याने आलेल्या माणसाला वाटायचं, म्हातारबुवा कुणाची तरी वाट बघताहेत. एक-दोघांनी मोटारसायकल थांबवून "कहाँ छोडू काकाजी?" असं विचारलंही होतं. काकाजी नुसती मान हलवायचे. डाव संपला, किंवा अर्ध्यातच कंटाळा आला, की फोन खिशात, आणि काकाजी आत.

आम्ही त्यांचे भाडेकरू. माझ्या नवऱ्याची बदली गोंदियाला झाली तेव्हा आम्ही शहराला लागून असलेल्या मुर्री गावात त्यांच्या घराचा वरचा मजला घेतला. पुढे भाताची शेतं, मागे वस्ती. मी मूळची नाशिकची. पुण्यातल्या एका लहान कंपनीसाठी फोनवरचे खेळ बनवायचं काम घरूनच करायची. खाली काकाजी आणि काकीजी दोघंच. मुलगा रायपूरला नोकरीला. आपसात ते त्यांची पोवारी बोली बोलायचे, मी समोर असले की मराठी.

काकाजी एसटीत बत्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. त्यातली बरीचशी वर्षं देवरीच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून गेली. चौकशीच्या खिडकीत बसायचं, गाड्या लावायच्या, सोडायच्या आणि दिवसभर लोकांना उत्तरं द्यायची. त्या खिडकीने त्यांना दोन सवयी लावल्या होत्या. एक म्हणजे ते वेळ गावांत मोजायचे. गोंदियाहून एसटीने जितका वेळ लागेल तितका: गोरेगाव म्हणजे अर्धा तास, आमगाव म्हणजे पाऊण, तिरोडा म्हणजे एक, देवरी म्हणजे दोन तास. नवरा ऑफिसातून कधी येईल असं मी म्हटलं, तर "तिरोडा धर" असं उत्तर यायचं. सुरुवातीला मी गोंधळायचे. नंतर मीही नवऱ्याला फोनवर "भाजी गोरेगावपर्यंत होईल" असं सांगायला लागले.

दुसरी सवय बसण्याची. खुर्ची असो, दिवाण असो की लग्नाच्या मांडवातला सोफा, काकाजी कडेवर बसायचे. पाठ कशालाही टेकवायची नाही, बॅग मांडीवर, पाय दाराच्या दिशेने. आत बॅगेत काय असायचं? एक पंचा, पाण्याची बाटली, चष्म्याचं जास्तीचं घर. मी एकदा सहज विचारलं, "काकाजी, आरामात बसा ना." ते म्हणाले, "बसलोच हो ना बाप्पा. आनखी कसं बसतात?"

मी काय काम करते हे त्यांनी मला आम्ही राहायला आल्यानंतर महिन्याभराने विचारलं. जिन्यात भेटलो होतो.

"दिवसभर वर काय करून रायते तू?"

"खेळ बनवते, काकाजी. फोनवरचे."

कुणालाही हे सांगितलं की लोक हसतात, किंवा त्याचे पैसे कोण देतं असं विचारतात. काकाजींनी दोन्ही केलं नाही. ते म्हणाले, "थांबलेल्या मानसाचा, का बसलेल्या मानसाचा?"

मला प्रश्न कळला नाही. तो कळायला, आणि तो किती चांगला प्रश्न आहे हे कळायला, मला पुष्कळ दिवस लागले.

त्या वेळी आम्ही एक साधा खेळ करत होतो. त्याचं नाव 'तार'. शेतातून जाणारी विजेची तार, तिच्यावर रंगीत चिमण्या येऊन बसतात. कोणती चिमणी कुठे बसवायची हे बोटाने ठरवायचं. एका रंगाच्या तीन शेजारी आल्या की भुर्रकन उडून जातात. तार मोकळी झाली की पुढचा खांब. एवढंच. मी काकाजींच्या फोनमध्ये तो घालून दिला. दुसऱ्या दिवशी ते जिना चढून वर आले. असं ते सहसा करत नसत. आणि दारातूनच म्हणाले, "गाडीची पाटी वाचाले मी वर पाह्यलं, तेवढ्यात तुया चिमन्या पडल्या. मंग मी कायले खेळू?"

इथे गाडी नव्हती, पाटी नव्हती. ते फाटकाबाहेर उभे होते. पण म्हणणं खरं होतं. खेळात आम्ही घड्याळ घातलं होतं. वेळेत चिमणी बसवली नाही तर ती पडायची. मी पुण्याला भांडून ते घड्याळ काढायला लावलं. खेळणाऱ्याने मान वर केली की चिमण्या थांबून राहणार. फोनवर 'तार' पुढे बरी चालली, आणि माझ्या मते ती त्याच कारणाने चालली. कंपनीत त्याचं श्रेय मला मिळालं. मी ते घेतलं.

एका उन्हाळ्यात काकाजी म्हणाले, "चाल, तुले खेळनारे दाखवतो," आणि मला सकाळच्या बसने देवरीला घेऊन गेले. बिडीसाठी तेंदूपानं तोडायचे दिवस होते. स्थानकावर बोचकी घेतलेल्या बाया, हायवेवरून उतरलेले मजूर, कॉलेजची मुलं, छत्तीसगढी, गोंडी, हिंदी सगळं एकत्र. खिडकीतल्या नव्या नियंत्रकाने काकाजींना पाहून खुर्ची सोडली. पण काकाजी आत गेले नाहीत. बाकडी रिकामी होती, त्यांवरही बसले नाहीत. खांबाशी उभे राहिले आणि मला हळू आवाजात दाखवू लागले.

"तो लाल गमछावाला पाय. त्याची गाडी आत्ताच गेली. दुसरी देवरी-गोंदियाएवढ्या टायमानं. तो आत्ता नाही खेळनार. पयले चिडन. मंग पानी पिईन. मंग चार जनाइले विचारन. खेळ त्याच्यानंतर."

गमछावाला चिडला. पाणी प्याला. तिघांना विचारलं, चौथा मिळाला नाही. मग बाकड्यावर बसून त्याने फोन काढला.

"अन् ते पोरगी. घडीघडी वर पाहून रायली ना? तिची गाडी जवळ हे. तिचा अंगठा खेळून रायला, ती नाही."

गाडी लागली. मुलीने खेळ तसाच सोडून फोन पर्समध्ये टाकला आणि धावली.

"पायलं? अर्धा सोडला. वाईट वाटलं का तिले? नाही. थांबलेल्याचा खेळ गाडी संपवते, खेळनारा नाही. म्हनून तो गोड लागते."

परत आलो तेव्हा दुपार झाली होती. मी जिना चढले. वर येऊन खिडकीतून पाहिलं तर काकाजी अजून फाटकाबाहेरच उभे होते. आत काकीजींनी ताट वाढून घेतल्याचा आवाज येत होता. त्या एकट्या जेवत होत्या. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

काकीजींबद्दल तोवर मला फारसं काही माहीत नव्हतं. कमी बोलणारी, उंच बाई. शेत त्याच बघायच्या. भाताच्या रोवणीच्या दिवसांत पहाटेच निघायच्या आणि चिखलाने भरलेल्या पायांनी परत यायच्या. मला "बाई" म्हणायच्या. घरात दोघं असली की दोन भाडेकरू राहत असल्यासारखी वाटायची. एक स्वयंपाकघराचा, एक फाटकाचा.

मग पुण्याहून नवीन काम आलं. आमच्या प्रमुखाच्या डोक्यात होतं की 'तार' आता टीव्हीवर न्यायची. टीव्हीला जोडायचे कन्सोल लोक घेताहेत, त्यावर सगळे मारामारीचे आणि गाड्यांच्या शर्यतींचे खेळ. मग फोनवर चाललेला साधा खेळ तिथे का चालणार नाही? मोठ्या पडद्यावर तो उलट जास्त छान दिसेल. मीटिंगमध्ये दोन तट पडले. शेवटी असं ठरलं की काही साध्या घरांमध्ये कन्सोल ठेवून बघायचा. त्यातलं एक घर मी शोधायचं आणि अहवाल लिहायचा. तो चांगला झाला तर मला त्या खेळाची पूर्ण जबाबदारी मिळणार होती. मला ती हवी होती.

घर शोधायला मला एक जिना उतरावा लागला. मुलाने घेऊन दिलेला मोठा टीव्ही काकाजींच्या बैठकीत होता. मी कन्सोलचा डबा जोडला, बटणांचे दोन कंट्रोलर ठेवले, कारण टीव्हीवर दोघांनी पाळीपाळीने खेळायचं होतं. काकाजी दारात उभे राहून बघत होते.

"हे नाही चालनार, बेटा."

"का?"

"चने खाले कोनी पाट मांडते का?"

मी हसले. ते हसले नाहीत. "मानूस टीव्हीसमोर बसला म्हंजे बसला. जेवाले बसल्यासारखा. त्याले ताट पाह्यजे. अन् घरी कोनाची गाडी लागते? कोनाचीच नाही. मंग हा खेळ संपवन कोन? खेळता खेळता त्याचा त्यालेच कंटाळा येईन, अन् नाव ठेवन खेळाले."

त्या संध्याकाळी शेजारचे राइस मिलमधले भाऊ आणि त्यांची बायको आली. दोघांनी कंट्रोलर सायकलच्या हँडलसारखा धरला. चिमण्या बसवल्या, उडवल्या, "छान हे, छान हे" म्हणाले. वहिनींनी विचारलं, "एवढ्या मोठ्या टीव्हीवर एवढीशीच चिमनी काऊन?" काकीजी कोपऱ्यात बसून बघत होत्या, कुणी आग्रह केला तर नको म्हणाल्या. थोड्या वेळाने भाऊ खाकरले आणि मला विचारलं, "मॅडम, बातम्या लावाच्या का?"

दारातून काकाजींचा आवाज आला, "गोरेगावही नाही झालं."

मी अहवाल लिहायला घेतला. त्यात काकाजींचीच वाक्यं जास्त होती, फक्त माझ्या मराठीत. डबा मात्र खालीच राहिला, कारण कंपनीने तीन आठवडे सांगितले होते.

दुसऱ्या आठवड्यात मी कढीपत्ता मागायला खाली गेले तेव्हा टीव्ही चालू दिसला. पडद्याच्या कोपऱ्यात खांबाचा आकडा होता, एकसष्ट. आम्ही त्या संध्याकाळी सातव्यावर सोडला होता. मला वाटलं, काहीतरी बिघडलंय. पुण्याला कळवलं. त्यांनी तपासून सांगितलं की बिघाड नाही, कुणीतरी रोज दुपारी खेळतंय.

दुपारी काकाजी सायकल घेऊन गोंदियाला जायचे, वाचनालयात. म्हणून त्या दिवशी मी दुपारी दाराची कडी न वाजवता आत डोकावले. काकीजी टीव्हीसमोर जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. आवाज बंद. एक कंट्रोलर उजव्या गुडघ्यापाशी, दुसरा डाव्या. उजवा उचलून एक चिमणी बसवायची, तो खाली ठेवायचा. डावा उचलून दुसरी बसवायची. दोघांचा खेळ त्या एकट्याच खेळत होत्या, आणि कुणाच्याही बाजूने लबाडी न करता.

मला पाहून दचकल्या, पण खेळ सोडला नाही.

"दोन कशाला, काकीजी?"

"एकटीनं मजा नाही येत ना, बाई." मग काकाजींच्या रिकाम्या खुर्चीकडे मान करून म्हणाल्या, "यायले नको सांगू."

"का बरं?"

"यायचं म्हननं हे ना, घरात कोनी खेळत नाही. राहू दे मंग तसंच."

मी सांगितलं नाही. अहवालातही घातलं नाही. एका घरातल्या एका बाईने दुपारी खेळलं, त्यातून काय सिद्ध होतं, असं मी स्वतःला म्हटलं. खरं कारण असं होतं की अहवाल लिहून झाला होता आणि तो मला फार नीटस वाटत होता.

काकाजींना तो ऐकायचा होता. आपलं म्हणणं पुण्यात वाचलं जाणार याचं त्यांना अप्रूप होतं. थंडीचे दिवस होते. अंगणात कोवळं ऊन. काकाजी खुर्चीच्या कडेवर, बॅग मांडीवर. काकीजी जवळच सुपात लाखोळीची डाळ निवडत होत्या. मी वाचू लागले. बसस्थानकाचा भाग आला, गमछावाला आला, चण्यांचं वाक्य आलं. काकाजी मान डोलवत होते. मग मी शेवटचा परिच्छेद वाचला: "छोटा खेळ थांबलेल्या माणसासाठी असतो. घर ही थांबण्याची जागा नाही. घरी माणूस पोहोचलेला असतो. म्हणून हा खेळ घरातल्या मोठ्या पडद्यावर रुजणं अवघड आहे."

"एकदम बरोबर लिवलं," काकाजी म्हणाले.

काकीजींचा हात सुपात थांबला. त्या बोलल्या ते मराठीत. दोघांतलं बोलणं असून मराठीत, म्हणजे ते मीही ऐकावं अशी त्यांची इच्छा होती.

"घरी थांबत नाही? मंग मी बत्तीस वर्षं काय करून रायली होती?"

काकाजी गोंधळले. "तू तं घरी होती."

"घरीच होती. तेच सांगून रायली मी."

त्यांचा आवाज चढला नव्हता. पुन्हा डाळ निवडायला लागून त्या माझ्याकडे बघत सांगू लागल्या. "हे रायत देवरीले, बुधवारी यायची सुट्टी, बाई. मंगळवारच्या संध्याकाळच्या गाडीनं येतो म्हनत. कधी येत, कधी यायच्या जागी बसनारा बदलीवाला आला नाही म्हनून नाही येत. घरी फोन नोहता. मी ओसरीत खडूनं घरं काढत होती अन् चिचोके टाकून अष्टाचंगा खेळत होती. चार जनाइचा खेळ होय तो. चारही घरं मीच खेळत होती. एका घरानं जितलं की दुसऱ्या तिघाइचं वाईट वाटे मले." मग काकाजींकडे वळून म्हणाल्या, "किती थांबली असन मी? सांगा ना तुमच्या गावाइत. आमगाव? देवरी? गावं नाही पुरनार तुमाले."

काकाजी उठले. फाटकाबाहेर गेले आणि नेहमीच्या जागी उभे राहिले. फोन काढला नाही. मी कागद गोळा करून वर गेले. मला लाज वाटत होती, आणि ती नेमकी कशाची हे मला सांगता आलं नसतं. अहवाल मी त्या दिवशी पाठवला नाही.

दोन-तीन दिवसांनी काकाजी सकाळची बस धरून कुठेतरी गेले आणि संध्याकाळी परतले. मला जिन्यात गाठून म्हणाले, "देवरीले गेलतो. बाकड्यावर बसलो आज."

मी एक पायरी खाली उतरले.

"कोनाची गाडी नाही पाह्याची, काही नाही. नुस्तंच बसाचं ठरवलं. एक देवरी बसलो. बेटा, लय लंबी असते ते." जरा वेळाने म्हणाले, "एवढे वर्ष खिडकीच्या आतून लोकाइले पाह्यलं. मले वाटे, मले माहीत हे."

त्यानंतर काही दिवस खाली शांतता होती. मग एका दुपारी वर मला टीव्हीचा आवाज ऐकू आला, चिमण्यांचा. काकीजी आता आवाज लावून खेळत होत्या. मी खाली गेले. काकाजी सायकलवरून गेलेच नव्हते. ते बैठकीच्या दारात उभे होते.

"हे कोनतं बटन होय?" त्यांनी विचारलं.

"तुमाले नाही जमनार," काकीजी पडद्यावरून नजर न हलवता म्हणाल्या.

काकाजी उभेच राहिले. बराच वेळ. काकीजींनी दोन खांब पार केले. तिसऱ्यावर त्या म्हणाल्या, "बसाचं असन तं पूर्न बसा. कडेवर टेकाचं असन तं फाटकात जा."

काकाजींनी बॅग खिळ्याला अडकवली. मग खाली बसले आणि भिंतीला पाठ टेकवली. इतक्या दिवसांत त्यांची पाठ कशाला तरी टेकलेली मी पहिल्यांदाच बघत होते. काकीजींनी डावा कंट्रोलर त्यांच्याकडे सरकवला.

ते फार वाईट खेळायचे. घडीघडी नजर वर जायची, रस्त्याकडे, आणि चिमणी भलत्याच ठिकाणी बसायची. काकीजी रागवायच्या. सकाळी-संध्याकाळी काकाजी फाटकाबाहेर उभे राहायचे ते राहायचेच, ते काही सुटलं नाही. पण दुपारी ते घरात असत.

त्या खेळात एक गोष्ट होती जी आम्ही बनवणाऱ्यांनी कधी पाहिली नव्हती. तो सोपा होता, त्यामुळे खेळता खेळता बोलता यायचं. दोघांचंही तोंड पडद्याकडे, त्यामुळे एकमेकांकडे बघावं लागायचं नाही. आणि पाळीपाळीने असल्यामुळे उत्तर द्यायला वेळ मिळायचा. एकदा मी तिथे कोपऱ्यात नोंदी करत बसले होते. मी आहे हे ते बहुधा विसरले होते, की विसरले नव्हते, कोण जाणे. बोलणं मराठीतच चाललं होतं.

"पोरगा झाला त्या दिवाळीले तुमी आले नोहते, ते काऊन?" काकीजींनी विचारलं, आणि एक चिमणी बसवली.

काकाजींनी चिमणी बसवली. "बदलीवाला आला नोहता."

काकीजींची चिमणी. काकाजींची चिमणी.

"खरं सांगा."

तीन पिवळ्या उडाल्या. काकाजींनी पुढची चिमणी बराच वेळ तारेच्या वर धरून ठेवली. आमच्या खेळात घड्याळ नव्हतं.

"आला होता. मीच नाही निघालो."

"काऊन?"

"तिथं खिडकीत लोकं मले विचारत, मी सांगत होतो. घरी येऊन काय कराचं, काय बोलाचं, मले समजतच नोहतं."

पडद्यावर चिमणी अधांतरी होती. मग काकीजी म्हणाल्या, "बसवा ते. तुमची पाळी हे."

मी माझ्या नोंदी तिथेच थांबवल्या आणि वर आले. यातलं काय लिहायचं आणि काय नाही, हे मला त्या दिवशी तरी कळत होतं.

अहवाल मी नव्याने लिहिला. छोटा खेळ टीव्हीवर चालेल, असं लिहिलं. पण तो मोठा करून नाही. घरातही माणसं थांबलेली असतात, आपण त्यांना मोजत नाही. त्यांना ताट नको आहे. दोघं शेजारी बसू शकतील आणि मध्ये बोलू शकतील इतकाच खेळ त्यांना पुरतो. घड्याळ घालू नका, ढोल वाजवू नका. प्रमुखाने वाचून लिहिलं, "छान आहे, पण ही एका घराची गोष्ट झाली." तेही खोटं नव्हतं. इतर घरांतून आलेले अहवाल माझ्या पहिल्या अहवालासारखेच होते.

'तार' टीव्हीवर आली. पडदा मोठा म्हणून तिच्यात घड्याळ परत आलं, संगीत आलं, कोण पुढे कोण मागे याची यादी आली. ती जबाबदारी मला मिळाली नाही. काही महिने लोकांनी पाहिली, मग सोडली. कंपनी दुसऱ्या कामाला लागली. मीही पुढे ती नोकरी सोडली. आता शाळांसाठी धड्यांचे कार्यक्रम बनवते.

नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही गोंदिया सोडलं. डब्याचं काय करू असं मी पुण्याला विचारलं होतं. "राहू दे तिथेच," असं उत्तर आलं. निघायच्या आदल्या दिवशी मी त्यातला नवा खेळ काढून जुना, बिनघड्याळाचा घालून दिला. काकीजींनी मला लाखोळीच्या डाळीची पिशवी दिली. काकाजी बसस्थानकावर पोहोचवायला आले. गाडी सुटेपर्यंत थांबू नका म्हटलं तरी थांबले.

मध्ये दीड-दोन वर्षं गेली असतील. सणाला फोन व्हायचा, तेवढाच. मग एका संध्याकाळी काकाजींचा फोन आला. सण नव्हता, म्हणून मी घाबरून उचलला.

"बेटा, तुया खेळ बिघडला."

"काय झालं?"

"पुढं खांबच नाही. नुस्ती शेती अन् आभाळ. चिमनी येऊन नाही रायली. तुयी काकीजी दुपारपासून पाहून रायली."

मला आठवायला थोडा वेळ लागला. शेवटच्या खांबानंतर काहीतरी दाखवायला हवं म्हणून आम्ही एका दुपारी घाईघाईने एक रिकामं शेत काढून ठेवलं होतं. तिथवर कुणी येईल असं आम्हाला वाटलं नव्हतं. आम्ही स्वतःही खेळून तिथे पोहोचलो नव्हतो.

"बिघडला नाही, काकाजी. संपला. शेवटचा खांब होता तो."

"संपला? असा कसा संपते?"

"खरंच. तिथपर्यंत कुणीच गेलं नव्हतं. आम्ही बनवणारेसुद्धा नाही. काकीजींना सांगा."

त्यांनी सांगितलं. पलीकडून काकीजींचा आवाज आला, "मंग पयल्यापासून लावा."

"मी लावू?"

"तुमीच लावा."

काकाजींनी फोन कुठेतरी खाली ठेवला. बंद करायचं ते विसरले. बटणं दाबल्याचा आवाज आला, एकदा चुकल्याचा, मग पहिल्या खांबाचा. दोघंही एकाच वेळी काहीतरी बोलले आणि काकीजी हसल्या. मी थोडा वेळ ऐकलं आणि मग माझ्या बाजूने फोन बंद केला.